तात्यांची मुंबईची तारीख

सायलीने राउटर माझ्या टेबलावर ठेवला. वायर नीट गुंडाळलेली.

"ताई, हा परत घ्या. आणि एक सांगा. आमच्या घरात कोण काय बघतं, ते तुमच्या हापिसात दिसतं काय?"

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या ब्रॉडबँड कंपनीत नेटवर्क सांभाळते. खोटं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "सगळं नाही. पण नावं दिसतात."

ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

नावं म्हणजे काय, ते सांगते. तुम्ही फोनवर वेबसाइटचं नाव टाकता. मशीनला नाव कळत नाही, नंबर लागतो. म्हणून फोन आधी आमच्या सर्व्हरला विचारतो, या नावाचा नंबर काय? याला डीएनएस म्हणतात. पाहुणा वाडीत शिरला की पहिल्या ओट्यावरच्या माणसाला विचारतो ना, अमक्याचं घर कुठलं? तसंच. आत काय बोलणं झालं ते ओट्यावरच्याला कळत नाही, पण कोण कोणाकडे गेलं ते बरोबर कळतं. आमच्याकडे हा प्रश्न उघड्यावरच विचारला जायचा. तो एन्क्रिप्ट करू या, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असा करू या, म्हणून मी कधीची मालकांच्या मागे लागले होते. मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंचं एकच पालुपद, "इथे कोणाला काय लपवायचंय गो? सगळी आपलीच माणसं."

झालं होतं असं. सायलीचे वडील तात्या हे मिरकरवाड्यातले जुने तांडेल, बोटीवरचे प्रमुख. त्यांच्या पोटात कॅन्सर निघाला. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याला झालाय त्यालाच सांगायचं नाही. सायलीने अल्सर सांगितला, मुंबईला छोटंसं ऑपरेशन आहे म्हणाली. तात्या तयार झाले. लवकर आणलंत तर आशा आहे, असं डॉक्टर बोलले होते. म्हणून ती दिवसभर फोनवर त्या हॉस्पिटलची साइट उघडून तारीख बघत बसायची.

त्यातच नेट स्लो झालं. तिने तक्रार केली. मी फायबर तुटली म्हणून लांज्याला गेले होते, तर भाऊंनी स्वतःच स्क्रीन उघडली. नेट सुरळीत करून दिलं. पण तिच्या कनेक्शनवर एकाच कॅन्सर हॉस्पिटलचं नाव परत परत जाताना त्यांना दिसलं. तात्यांचं पोट दुखतंय हे बंदरावर सगळ्यांनाच माहीत होतं. दुसरा कोणी असता तर चार ठिकाणी चघळत बसला असता. भाऊंना मनापासून वाईट वाटलं. संध्याकाळी माशांच्या लिलावात तात्या भेटले, तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं,

"तात्या, मुंबईची तारीख मिळाली काय? घाबरू नका. कॅन्सर आता बरा होतो."

तात्या लिलाव अर्धवट सोडून निघाले. घरी येऊन सायलीला भाऊंचं बोलणं ऐकवलं, जेवले नाहीत. त्यांचा सख्खा भाऊ याच रोगाने मुंबईच्या हॉस्पिटलात वारला होता. मला तिकडे न्यायचं नाही, मरायचं तर समुद्र दिसेल तिथे, एवढंच त्यांनी वर सांगितलं. सायली पाया पडली. तारीख मिळाली आणि तशीच गेली.

मी तडक भाऊंच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. ते पांढरेफटक पडले.

"अगो, मी धीर द्यायला गेलो. त्यांना ठाऊक नाही हे मला काय माहीत?"

"सायलीने तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग तुम्ही विचारलंतच कसं?"

त्यांनी समोरची स्क्रीन बंद केली. मग म्हणाले, "कर तुझं ते काय आहे ते."

दुसऱ्या दिवशी मी बसले आणि गिऱ्हाइकांच्या राउटरची सेटिंग्ज बदलली. आता तो प्रश्न कुलूपबंद होऊन बाहेरच्या एका सर्व्हरकडे जातो, आमच्या स्क्रीनवर नाव येत नाही. त्या सर्व्हरला दिसतंच म्हणा. पण त्याची आणि तात्यांची लिलावात गाठ पडत नाही. काम इतकं किरकोळ होतं, की करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या तेव्हा तात्या या जगात नव्हते.

पुढे सायली परत आली. मुंबईतल्या तिच्या भावाला आईशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून नेट हवं होतं. राउटर लावून झाल्यावर मी तिला ऑफिसातली स्क्रीन दाखवली. नाव कुठेच नव्हतं. तिने बोट लावून यादी खालपर्यंत बघितली.

"मीच तेव्हा दुसऱ्या कुठून तरी बघायला हवं होतं, ताई."

तुझं काही चुकलं नाही गो, म्हटलं. खरं तेच होतं. पण तिला त्याचा काय उपयोग?

ऑफिसात नवीन माणूस आला की मी आधी एवढंच सांगते. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला दिसलं, म्हणजे त्यांनी ते आपल्याला सांगितलं असं होत नाही. भाऊ ऐकत असतात. हल्ली लिलावात ते फक्त माशाचा भाव विचारतात.