पाणी दिलेली कांब

त्या नटाचं पोट मी हातभर अंतरावरून पाहिलं आहे. पडद्यावर नव्हे, काष्टीच्या बाजारतळावर, स्टेजमागच्या कनातीत. बनियन छातीपर्यंत गुंडाळून तो खुर्चीत पसरला होता आणि एक माणूस ब्रशनं त्याच्या पोटावर तपकिरी रेघा ओढत होता. पोटावरच्या गाठी म्हणे. खाली रुंद पट्टा आवळलेला, पट्ट्यावरून मांस ओघळलेलं, गालात गुटखा. घाम आला की रेघ पसरायची, मग तो माणूस फडक्यानं पुसून पुन्हा काढायचा. मला शिसारी आली. आली होती, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पाच मिनिटांनी मी त्याच नटाच्या शेजारी दात काढून उभा राहिलो आणि फोटो काढून घेतला.

हा नट म्हणजे दादाचं आणि माझं दैवत होतं. काष्टीत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा आम्ही दोघं अगदी पुढे, मातीत बसायचो. त्याच्या अंगावर शर्ट म्हणून टिकायचा नाही. कुणीतरी साखळीनं बांधायचं, हा दंड फुगवायचा, साखळी तटातट तुटायची आणि तंबूत शिट्ट्यांनी कान बसायचे. घरी आल्यावर दादा दाव्यानं स्वतःला खांबाला बांधून घ्यायचा आणि मला म्हणायचा, ‘बघ हं आता.’ दावं तुटायचं नाही, खांब मात्र हलायचा आणि आई शिव्या घालायची.

वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. तो बाजारातल्या आडत दुकानावर हमाल म्हणून लागला आणि मला नगरला आयटीआयला घातलं. क्विंटलचं पोतं तो पाठीवर असं घ्यायचा की जणू कुणी अंगावर शाल टाकली. बेडकुळी अशी की आईच्या दोन्ही पंजांत मावायची नाही. गावात त्याच्या ताकदीबद्दल कुणी शंका काढलेली मी ऐकली नाही. पण त्याला ते पुरेसं वाटत नसे. चुलीमागच्या भिंतीवर त्या नटाचं उघड्या अंगाचं पोस्टर होतं, त्याच्याकडे बघत तो जोर काढायचा.

नव्वदनंतर सगळं फिरलं. स्वेटर घातलेले, गालाला खळ्या पडणारे, परदेशी बागेत पळत गाणारे हिरो आले. मारामारीही तेच करू लागले, केसही विस्कटू न देता. आमचा नट आधी मोठ्या थेटरातून गेला, मग सकाळच्या खेळांत दिसू लागला, मग पोस्टरवर कोपऱ्यात टिकलीएवढा उरला. कॉलेजातल्या मुली त्याचं नाव घेतलं की नाक मुरडायच्या. दादाला हे कळतच नव्हतं. ‘त्या पोरी काय मानसं हायत व्हय?’ म्हणायचा. ‘वाऱ्यानं उडून जात्याल.’

मी तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये भट्टीवर होतो. लोखंडाला पाणी देणं हे माझं काम. म्हणजे तुकडा लालभडक तापवायचा, तेलात बुडवून एकदम निववायचा, मग बेतानं पुन्हा शेकायचा. असं पाणी दिलेलं पोलाद वाकत नाही, थोडं लवतं आणि उसळून जागेवर येतं. उलट तोच तुकडा तापवून राखेत पुरला आणि सावकाश निवू दिला, तर तो नरम पडतो. एवढंच माझं शास्त्र. त्याचा मला गर्व होता.

एके दिवशी सफारी घातलेला एक मॅनेजर वर्कशॉपमध्ये आला. त्या नटाचा मॅनेजर. मालकानं त्याला माझ्याकडे धाडलं. त्याला अर्ध्या इंची, तीन फुटी दोन कांबी हव्या होत्या. दिसायला जुळ्या, पण एक कुणालाच वाकू नये अशी आणि दुसरी पोरालासुद्धा वाकवता यावी अशी. मी विचारलं, शूटिंगला का? तो हसला. म्हणाला, ‘साहेब आता लोकांना प्रत्यक्ष भेटतात. पुढच्या आठवड्यात काष्टीला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आहेत. तू ये, साहेबांबरोबर फोटो काढून देतो.’

फोटो म्हटल्यावर मी हो म्हणून टाकलं. काय चाललंय हे न कळायला मी कुक्कुलं बाळ नव्हतो. तरी एक कांब स्प्रिंगच्या पोलादाची घेतली, तिला पाणी दिलं, ओळखू यावी म्हणून तिच्या टोकावर पंच ठोकून ठिपका मारला. दुसरी साध्या लोखंडाची, राखेत निववलेली. दोन्ही तेलात काळ्या केल्या. इतक्या सुबक झाल्या की मीच दोन-तीनदा हातात घेऊन पाहिल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी, कनातीतला तो फोटो काढून मी बाहेर आलो तेव्हा बाजारतळ माणसांनी फुलला होता. नटाला स्टेजच्या तीन पायऱ्या चढवेनात, गुडघे धरून त्याला दोघांनी वर घेतलं. पण उजेडात येताच त्यानं बनियन फाडलं आणि लोक वेडे झाले. लांबून त्या रेघा खऱ्याच वाटत होत्या. मग मॅनेजरनं माइकवर विचारलं, ‘है कोई काष्टीका पहलवान?’ आणि लोकांनी माझ्या दादाला उचलून स्टेजवर लोटलं.

हे मला सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. गावातला ताकदवान माणूस बोलावणार म्हटल्यावर दुसरं कोण जाणार, पण माझं डोकं फोटोत अडकलं होतं. मॅनेजरनं दादाच्या हातात ठिपक्याची कांब दिली. त्यानं ती मानेमागे घेतली, दोन्ही टोकं धरून ओढली. कांब लवली, लोक ओरडले, दादाचे डोळे तांबारले, आणि हात घसरला तशी ती उसळून त्याच्या जबड्यावर बसली. ओठ फुटला. लोक हसले. ज्यांची पोती तो रोज उचलत होता, तेच हसले.

मग नटानं मॅनेजरच्या टॉवेलातून तिची जुळी कांब घेतली आणि तारेसारखी वाकवली. टाळ्यांचा पाऊस. त्यानं दादाचा दंड दोन बोटांनी चिमटला आणि माइकवर म्हणाला, ‘दूध पिया करो, बेटा.’ पुन्हा हशा. आणि माझा दादा, फुटल्या ओठानं, वाकून त्याच्या पाया पडला. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात कुणाही माणसाच्या पाया पडणं बंद होतं. आम्ही आईच्याही पाया पडत नसू, मिठी मारत असू. आणि तो त्या रंगवलेल्या गोळ्यापुढे वाकला.

नटाला चेव चढला. त्यानं ती ठिपक्याची कांबच दादाच्या हातात ठेवली. रोज वाकवत जा म्हणाला, ज्या दिवशी वाकेल त्या दिवशी मुंबईला ये, तुला पिक्चरमध्ये घेतो. मॅनेजरचं तोंड कडू झालं, पण माइकवर बोललेलं मागं घेता येईना.

त्या दिवसापासून घरात दुसरं काही राहिलं नाही. मी आठवड्याच्या सुट्टीला काष्टीला जायचो तेव्हा दादा अंगणात ती कांब मानेवर घेऊन उभा असायचा. मान सोलवटलेली, तळहातांना फोड. दुकानावर खाडे होऊ लागले. पोरं रस्त्यात ‘दूध पी, दूध पी’ ओरडायची, आणि तो हसून म्हणायचा, ‘हिच्या जोडीची त्यानं वाकवली ना? मंग हीबी वाकती. मानसानं वाकवली हाय.’ ती कांब माणसाला वाकणार नव्हती, कारण ती तशी मी केली होती. सांगायला तोंड उघडायचो आणि पाणी मागून मिटायचो. सांगितलं असतं तर नट खोटा ठरला असता, हे मला चाललं असतं. पण दादाचा सख्खा भाऊ, मी, त्या कनातीत उभा होता, हेही सांगावं लागलं असतं. मला माझीच किळस यायची, आणि किळस येऊनही मी जेवून-खाऊन पुन्हा नागापूरला जायचो.

चार महिन्यांनी त्याचा उजवा खांदा वर जाईना. आई म्हणाली, ‘आरं, त्येला कायतरी सांग. तुजं ऐकंल त्यो.’

मी सांगितलं नाही. मी त्याहून वाईट केलं. दादाला म्हटलं, कांबीवर गंज चढलाय, कारखान्यात साफ करून आणतो. त्यानं ती फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. ‘ठिपका पुसू नको,’ म्हणाला, ‘नायतर लोक म्हनत्याल बदलली.’ मी जेवणाच्या सुट्टीत ती भट्टीत सारली, लाल झाल्यावर राखेत पुरली आणि दुसऱ्या दिवशी काढली. पुन्हा काळी केली. ठिपका जसाच्या तसा.

पुढच्या सुट्टीला दादानं अंगणात तिला हात घातला. दुखऱ्या खांद्यासकट त्यानं ती मानेवर घेतली, गुरगुरला, आणि ती गेली. सावकाश, पण गेली. दोन्ही टोकं त्याच्या छातीपुढे आली. क्षणभर त्याला कळलंच नाही. मग त्यानं अशी आरोळी ठोकली की गल्ली गोळा झाली. लोक टोकावरचा ठिपका बोटानं चाचपून बघत होते. ‘तीच हाय,’ म्हणत होते, ‘तीच हाय रं.’ दादानं आईला खांद्यावर उचलून घेतलं आणि ती पाठीत बुक्क्या मारत रडत होती. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला वाटलं, चला, मिटलं. पाप धुतलं गेलं.

दोन दिवसांनी तो वाकलेली कांब पिशवीत घालून मुंबईला गेला. मी अडवलं नाही. दारावरचा वॉचमन हाकलून देईल, येईल परत, असा माझा हिशेब. तो आला नाही. एक कार्ड आलं, साहेबांकडे कामाला लागलोय, पिक्चरच्या लाइनीत आहे, आईला काळजी करू नको म्हणावं. आईनं ते गल्लीभर वाचून घेतलं.

हिवाळ्यात तो मॅनेजर पुन्हा वर्कशॉपमध्ये आला. या खेपेला वाकणाऱ्या डझनभर आणि न वाकणारी एक हवी होती. गावोगाव कार्यक्रम आहेत म्हणाला, परवा तिसगावला. त्याच्याकडचा एक गडी माझा भाऊ आहे हे त्याला माहीत नव्हतं, मीही बोललो नाही. कांबी मात्र दिल्या. दादाची नोकरी साहेबांवर, साहेब कांबींवर, असं मी स्वतःला समजावलं. कार्यक्रमाच्या दिवशी सुट्टी टाकून तिसगावची एसटी धरली. वाटलं होतं, दादा स्टेजवर नटामागे छाती काढून उभा दिसेल.

तिसगावच्या मैदानात तोच खेळ. तेच पोट, आता आणखी सुटलेलं, त्याच रेघा. दादा स्टेजवर कुठं दिसेना. मग मॅनेजरनं विचारलं, ‘है कोई तिसगावका पहलवान?’ गर्दीतून दोघं उठले, त्यांना कांब वाकली नाही. तिसरा उठला. डोक्याला टॉवेल, मळका सदरा, त्या गावचाच शेतकरी वाटावा असा. तो माझा दादा होता.

त्यानं कांब मानेवर घेतली, डोळे वटारले, गुरगुरला, आणि मुद्दाम ढुंगणावर आपटला. लोक पोट धरून हसले. नटानं त्याचा दंड चिमटला. ‘दूध पिया करो, बेटा.’ दादा पाया पडला. इतक्या सफाईनं पडला की हे रोजचं आहे हे दिसत होतं.

कार्यक्रम उठल्यावर मी त्याला टेम्पोजवळ गाठलं. तो कांबी मोजून पोत्यात भरत होता. मला बघून दचकला नाही, नुसता वाळला चेहरा वर केला.

मी म्हटलं, ‘दादा, चल घरी. आत्ताच्या आत्ता.’

‘घरी जाऊन काय सांगू?’ तो म्हणाला. ‘आई लोकाला सांगती, माजा ल्योक पिच्चरमधी हाय.’

‘तू खरा ताकदीचा माणूस. आणि या डुकराच्या पाया पडतोस?’

‘त्योबी काय करनार. त्येला कोन इचारतंय आता?’ त्यानं पोत्याचं तोंड आवळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘आता समद्या कांबी माज्याच हातात असत्यात. कोनची कशी हाय, हात लावला की कळतं. कुटल्या कारखान्यातनं येत्यात, त्येबी कळलं.’

मी पोतं उचलायला वाकलो, त्यानं माझा हात बाजूला सारला.

‘ती माजी, ठिपक्याची. गंज काढाया नेली हुती तू. भट्टीत घातली व्हय?’

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि नेमकी तीच मी सोडली. मान हलवली. वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसायला हवी होती. त्यानं पोतं खांद्यावर घेतलं, दुखऱ्या खांद्यावरून चांगल्या खांद्यावर टाकलं आणि टेम्पोकडे वळला.

‘मला वाटलं,’ तो म्हणाला, ‘म्या वाकवली.’