कालव्याकाठचा सायकलप्रवास

यजमानांची बायपास झाली त्या वर्षी माझी श्रद्धा डळमळली. दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावायचे, पण हात जोडले की मनात एकच यायचं, कुणी ऐकतंय का? त्यात यांचा जुना मधुमेह, रोजचं इन्सुलिन. पिस्कॅटवे गावातल्या घरात आम्ही दोघं एकमेकांवर पहारा करत बसलो होतो. शेवटी एका वसंतात मीच ठरवलं, तंबू घेऊन सायकलवर जायचं, अगदी सावकाश. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. मुलगी मात्र म्हणाली, "आई, आर यू शुअर? बाबांना काही झालं तर?"

"व्हायचं ते घरात बसूनही होतंच की," मी म्हटलं आणि सामान बांधायला घेतलं.

मेरीलँडमध्ये एका जुन्या कालव्याच्या काठानं सपाट मातीची वाट जाते. पूर्वी खेचरं तिथून मालाच्या होड्या ओढत नेत. आता तिथे ना चढ, ना गाड्या. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ओंडक्यांवर ऊन खात बसलेली कासवं. जमेल तेवढं चालवायचं, दमलो की तंबू ठोकायचा, छोट्या स्टोव्हवर पिठलं-भात करायचा. कितीतरी वर्षांनी मी यांना शीळ घालताना ऐकलं.

एका सकाळी यांनी नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं आणि मी नाश्ता काढायला गेले, तर झाडाला टांगलेली खाण्याची पिशवी फाटून खाली पडलेली. रकून नावाच्या मांजराएवढ्या चोरट्या प्राण्यांनी सगळं फस्त केलं होतं. इन्सुलिननंतर पोटात काही गेलं नाही तर शुगर उतरते; त्यासाठी ठेवलेल्या साखरेच्या गोळ्याही त्यातच होत्या. फोनला रेंज नाही, आसपास दुसरा तंबू नाही. पुढचं गाव फार लांब नव्हतं, म्हणून सगळं तिथेच टाकून निघालो.

अर्ध्या वाटेत यांची सायकल झोकांड्या खाऊ लागली. हाक मारली तर भलतंच काही बोलले. कपडे घामानं चिंब झाले होते. त्यांना सोडून मदत आणायला जायची हिंमत होईना. मी त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि सायकली तिथेच ठेवून चालायला लागले. ओरडून हाका मारत होते, चालत होते. थोड्या वेळानं त्यांचे गुडघे वाकले आणि आम्ही दोघं खाली बसलो. तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "दत्ता, माझ्यानं होईल तेवढं केलं. आता तू बघ."

वळणावरून एक पिवळसर कुत्रं धावत आलं आणि यांचा हात चाटू लागलं. त्याच्या मागून सायकलवर एक गोऱ्या आजीबाई आल्या, धापा टाकत.

"यांची शुगर उतरलीय, खायला काहीच नाही," मी म्हटलं.

"गिळता येतंय ना?" एवढंच विचारून त्यांनी संत्र्याच्या रसाची बाटली काढली. दोघींनी मिळून घोट घोट पाजला. हळूहळू यांची नजर स्थिर झाली. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं, आणि मला रडू फुटलं.

आजीबाई कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "आम्ही रोज मागच्या पुलापाशीच परत फिरतो. आज हा ऐकेचना, पळतच सुटला."

यांना चालवेल तसं हळूहळू चालत त्यांनी आम्हाला गावातल्या दवाखान्यात पोहोचवलं. फोनवर मुलगी म्हणाली, "कम होम, प्लीज." हे मला म्हणाले, "आधी सायकली आणि तंबू घेऊन येऊ." डॉक्टरांना विचारून, एक दिवस विश्रांती घेऊन, दोघांच्याही खिशात साखरेच्या गोळ्या भरून आम्ही पुढे निघालो आणि वाट संपेपर्यंत गेलो.

हा चमत्कार होता का, हे मी कुणाला सांगत बसत नाही. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, पाय उचलतोय तोवर चालायचं, आणि उचलेनासा झाला की लाज न बाळगता भार त्याच्यावर टाकायचा. त्या गडबडीत आजीबाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. म्हणून रोज जेवायला बसताना पहिला नमस्कार त्यांना करते, दुसरा दत्तगुरूंना. या क्रमाला दत्तगुरूंची हरकत नसावी.