गोखरूचा काढा आणि चौविहार

“दोन्ही किडन्यांना सूज आहे,” शहाद्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी ग्रंथी, फार वाढली होती. लघवी पूर्ण बाहेर न पडता आत तुंबत होती.

आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. तोरणमाळकडून गोखरू येतं, पळसाची फुलं येतात. लघवीची तक्रार घेऊन कुणी आलं की हे पुडी बांधून देतात. रात्री सारखं उठावं लागायला लागलं, तेव्हा स्वतःलाही तीच पुडी बांधली. मी डॉक्टरचं नाव काढलं की ह्यांच्या सबबी तयार.

काढा सुरू झाला तो चातुर्मास बसला त्याच सुमाराला. आम्ही जैन. चातुर्मासात ह्यांचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. रात्रीचं उठणं कमी झालं. हे खूश. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले, मला गुण आला.

आणि पर्युषण संपल्यावर एका सकाळी लघवीच बंद झाली. पोट टम्म फुगलं. दवाखान्यात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी घातली. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी रक्तातली घाण नीट काढत नव्हती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “काका, रात्री पाणीच प्यायला नाहीत, तर उठणार कशाला? प्रोस्टेटची गाठ होती तशीच होती.”

मला रडू आलं, आणि रागही.

किडनी किती सावरेल, आज कुणी सांगत नाही. ती सावरली की प्रोस्टेटचं ऑपरेशन. तोवर नळी आणि तिला जोडलेली लघवीची पिशवी. तुमच्या घरी कुणी डॉक्टरला न दाखवता काढा पीत असेल, तर आधी त्याला तपासून आणा.

हे तर माझ्यापुढेसुद्धा लाजायचे. पिशवी धोतराआड लपवून गल्ल्यावर बसायचे. परवा ओळखीचे एक म्हातारे शेतकरी गोखरू मागायला आले, अहिराणीत म्हणाले, “तुमले गुण उना ना, शेठ?”

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. ह्यांनी धोतर बाजूला सारून पिशवी दाखवली.

“हाऊ गुण उना, बाबा. आधी डॉक्टरले दखाडा, मंग गोखरू लई जा.”

त्या संध्याकाळी पिशवी रिकामी करायला ह्यांनी पहिल्यांदा मला हाक मारली.