सुरगाण्याहून शिक्षक संमेलनाला

खरं सांगायचं तर संमेलन हे निमित्त होतं. मी नाशिकला निघाले होते ती राजीनामा द्यायला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नाशिक रोडला छापखान्याच्या वसाहतीत वाढलेली, तेवीस वर्षांची, आणि नेमणूक सुरगाण्याच्या डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेवर. सहा महिने झाले तरी पहिलीची मुलं माझ्यापुढं तोंड उघडत नव्हती. पुस्तक उघडलं की सगळ्यांच्या नजरा जमिनीत. आपल्याला शिकवता येत नाही, अशी माझी खात्रीच पटली होती. तेवढ्यात संमेलनाचं पत्र आलं. अर्ज पिशवीत घातला आणि निघाले.

सुरगाण्यापर्यंत पायी, तिथून एसटी. आता तुम्ही गाडीनं सहज जाल. तेव्हा अर्धा दिवस मोडायचा, हाडं खिळखिळी व्हायची. पण वणीला उतरून गरम भजी खायची मजा मात्र तेव्हाही होती. देवीच्या गडावरून परतणाऱ्या बायका अनोळखी माणसाच्याही हातावर प्रसाद ठेवायच्या. दिंडोरी मागं पडली, द्राक्षांचे मांडव दिसायला लागले, की घर जवळ आल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मात्र मी पिशवीतला अर्ज चाचपत बसले होते.

दुसऱ्या दिवशी संमेलन. एका शाळेच्या मैदानात मांडव, लांबून आलेल्यांची झोपायची सोय वर्गातच. सकाळची भाषणं मी डुलक्या काढत ऐकली. दुपारी पत्रावळीवर पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी. शेजारी सटाण्याकडचे एक वयस्क गुरुजी बसले होते. माझ्याकडं वळून आपल्या बोलीत म्हणाले, "बाई, तुम्हनं गाव कोनतं शे?"

मी नुसतीच बघत राहिले. गुरुजी हसले. "पाहिलंत? एका वाक्यात तुमचं तोंड बंद झालं. आमच्या पोरांचं शाळेत पहिल्या दिवशी असंच होतं."

जेवणानंतर त्यांचाच पाठ होता. त्यांनी मुलीचं चित्र टांगलं आणि समोरच्या शिक्षकांना विचारलं, "हिला तुमच्या गावात काय म्हणतात?" निफाडकडून 'पोरगी' आलं, बागलाणातून 'आंडेर'. मोठी माणसं पोरांसारखी ओरडत होती. मग गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "सुरगाण्याकडं काय म्हणतात, बाई?"

मला माहीत नव्हतं. सहा महिन्यांत मी कधी विचारलंच नव्हतं. मान खाली गेली, डोळे भरून आले.

संध्याकाळी घरी वडिलांना सगळं सांगितलं, अर्जही दाखवला. छापखान्याच्या पाळीवरून नुकतेच आले होते. शांतपणे म्हणाले, "आधी पोरांना विचार तर. राजीनामा काय, पुढच्या महिन्यातही देता येतो."

परतीच्या प्रवासातलं मला काहीच आठवत नाही. आठवतो तो सोमवारचा वर्ग. पुस्तकातल्या मुलीवर बोट ठेवून मी विचारलं, "तुमच्या घरी हिला काय म्हणतात?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मग मागच्या रांगेतून जमनी हळूच म्हणाली, "पोशी."

मी म्हणून बघितलं, ते चुकलं आणि सगळा वर्ग खदखदून हसला. जमनी उठून पुढं आली. "पो-शी. म्हना, बाई." तिनं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

पुढं कितीतरी संमेलनं केली. ठराव विसरले, भाषणं विसरले. पण आपल्यासारखंच दुसऱ्याचंही अडतं आणि त्यातून त्यानं वाट काढली आहे, हे तिथंच, शेजारच्या पत्रावळीवरून कळायचं. शाळेत एकटीनं कुढत बसून ते कळलं नसतं.

मुलांच्या शब्दांच्या सात वह्या आज माझ्या कपाटात आहेत. पहिल्या वहीतला पहिला शब्द लिहायला शिकल्यावर जमनीनं स्वतःच्या हातानं लिहिला. त्यातला 'श' उलटा आहे. तो मी कधी दुरुस्त केला नाही.