एक दाणा गळाला, एक तोंडात

जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. जिन्यात भेटल्या की मला फक्त कचरा कसा वेगळा करायचा ते ऐकवतात. पण मी परीक्षा देऊन मासे पकडायचा परवाना काढलाय हे त्यांना कळलं, आणि त्या मला दर शनिवारी तळ्यावर नेऊ लागल्या.

तिथे बाई वेगळ्याच. डब्यातला मका उघडायचा आणि एक दाणा गळाला, एक तोंडात. मी जरा चुळबुळले की त्यांच्या जर्मन ‘हे बघ’ने सुरू होणारी दटावणी, “आल्झो, मला चालेल, माशांना नाही चालत!”

गेल्या शनिवारी पाण्यावर तरंगणारा माझा लाल फ्लोट गपकन बुडाला. मी किंचाळले. बाईंनी स्वतःची गळाची काठी तिथेच टाकली, जाळी घेऊन बुटांसकट पाण्यात शिरल्या आणि माझा तळहाताएवढा मासा अलगद वर काढला. तेवढ्यात त्यांच्या गळाला काहीतरी मोठं लागलं आणि काठी सरसरत तळ्यात निघाली.

“अहो, तुमची काठी!”

“आल्झो, काठ्या दुकानात मिळतात,” त्या वळूनही न बघता म्हणाल्या. “तुझा पहिला मासा कुठे मिळणार?”

आणि इतक्या हसल्या, की दातांत अडकलेलं मक्याचं साल दिसलं.