आत्यानं भरलेलं पाणी

माझ्या जतच्या आत्याला आम्ही गेल्या दिवाळीनंतर समुद्र दाखवायला नेलं. सांगलीहून निघालो, कोयनानगरवरून घाट उतरलो आणि संध्याकाळी हर्णैला पोचलो. सकाळी उठून बघतो तर खोलीतल्या बादल्या, तांब्या, चहाचे कपसुद्धा काठोकाठ भरलेले! जतला टँकर आला की दिसेल ते भांडं भरायचं, हा तिचा जन्माचा शिरस्ता.

"आत्या, इथं नळाला दिवसभर पाणी असतं," मी म्हणालो.

"आसंल की. पर आलंय तवा भरल्यालं बरं."

खोली सोडताना ते पाणी मोरीत ओतायला तिनं साफ नकार दिला. एकेक बादली नेऊन अंगणातल्या माडांना घातली. तेवढ्यात समुद्रातल्या किल्ल्याकडं जाणारी होडी चुकली आणि मी तिच्यावर चांगलाच करवादलो.

पुढच्या होडीनं गेलो. वाटाड्या तोफा, बुरूज, लढाया रंगवून सांगत होता. आत्याचं लक्षच नव्हतं. एका विहिरीपाशी तो म्हणाला, "चारी बाजूंना खारा समुद्र, पण हिचं पाणी गोड."

आत्यानं वाकून आत पाहिलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि देवापुढं जोडावेत तसे हात जोडले.

मीही बूट काढले.