दोन तारांचं काम

फोन पल्लवीचा आहे एवढं पाहिलं आणि तिला बोलूच न देता मी म्हणालो, "सांग तुया आईले, या रविवारी पक्का येतो. काही झालं तरी येतोच." जून लागला होता, पण अकोल्याचं ऊन हटायला तयार नव्हतं. दुकानात कूलरच्या मोटरींचा ढीग, हातात तांब्याची तार, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन. मग पल्लवी म्हणाली, "मामा, आई सकाळी गेली. चहा ठेवला होता तिनं... गॅस मी येऊन बंद केला." पुढं काय बोललो ते आठवत नाही. ताई गेल्याची बातमी मला माझ्याच सबबीच्या पाठोपाठ मिळाली, एवढं मात्र पक्कं आठवतं. दोन महिने होत आले. अजून ते मनातून जात नाही.

शालूताई माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अमरावतीच्या एका शाळेत तिनं जन्मभर चित्रकला शिकवली. राजापेठेतल्या तिच्या घराभोवती इतके ट्यूशन क्लासेस, की फाटक उघडायला आधी चार स्कूटी सरकवाव्या लागत. त्या पोरांनाही ती सोडत नसे. "गणित येते म्हणतं, आन सरळ गाडी लावता येत नाई तुले," असं एखाद्याला भर रस्त्यात ऐकवायची. तिचं मातीचं वेड मात्र अमरावतीचं नव्हे, आमच्या अकोल्याचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्या तिला जुन्या शहरात आमच्याकडे आणून सोडायची. दोन गल्ल्या पलीकडं किसनबुवा कुंभाराचं अंगण होतं. बुवांच्या घरच्या बायका माती तुडवत, मडकी थापत, रंगवत, पण चाकावर बसत नसत. तसा रिवाजच नव्हता. ताई दोन सुट्ट्या नुसती समोर बसून राहिली. तिसऱ्या सुट्टीत बुवा म्हणाले, "ही पोरगी डोयानंच मडके करून राहिली. ये व माय, बस." त्यांनी काठीनं चाक फिरवून दिलं आणि आपले हात तिच्या हातांवर ठेवले. आम्ही कोण, कुठल्या जातीचे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी त्याचा उच्चारसुद्धा केला नाही. ताई ही गोष्ट आयुष्यभर सांगत आली. मी तेव्हा लहान होतो. वाळत ठेवलेल्या गाडग्यांवर पाय दिला म्हणून तिच्या हातचा मार खाणं, एवढंच त्या अंगणातलं माझ्या वाट्याला आलं.

नंतर नोकरी, संसार, भाऊजींचं लांबलेलं आजारपण... माती राहून गेली. निवृत्त झाल्यावर तिनं बडनेऱ्याच्या रस्त्याकडचा एक कुंभार शोधून काढला आणि रोज सकाळी त्याच्या चाकावर जाऊन बसू लागली. वाट्या, पणत्या, लहानशी गाडगी करायची आणि त्याच्याच भट्टीत भाजून आणायची. आमच्या घरात एक साधी स्टीलची वाटी शिल्लक ठेवली नाही तिनं. पण चार-पाच वर्षांत गुडघ्यांनी दगा दिला. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी भेटायला गेलो तर खुर्चीत बसून होती, हात मांडीवर उताणे टाकलेले. मी आपलं नेहमीचं काहीतरी थट्टेचं बोललो. ती हसली नाही. म्हणाली, "गुडघ्यासाठी नाई रडत मी, विनू. हे हात विसरतीन, त्याचं वाईट वाटते. किसनबुवाचं एवढंच तं आहे माह्याजवळ."

तेव्हा मीच विजेवरच्या चाकाची गोष्ट काढली. स्टुलावर बसायचं, पायानं पेडल दाबायचं, गुडघ्याला काही त्रास नाही. माझं दुकान मोटर वाइंडिंगचं. मोटरीतलं मला कळतं, असं माझं स्वतःविषयीचं मत, आणि ताईचंही दुर्दैवानं तेच मत. तिनं शंभर पानी वही आणली. मोबाइलवर चाकांचे व्हिडिओ बघायची आणि वहीत प्रश्न लिहायची... जोर किती, आवाज किती, हळू म्हणजे किती हळू, लाइन गेली तर काय. तिनं फ्रिज घ्यायला दीड वर्ष लावलं होतं. इथं मी मनाची तयारी करून ठेवली.

पहिलं चाक आम्ही राजापेठेतच पाहिलं, लहान मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरात. टेबलावर ठेवायचं, गुलाबी रंगाचं. ताईनं डब्यातून ओल्या फडक्यात गुंडाळून माती नेली होती. ती तिनं चाकावर आपटली, दोन्ही तळव्यांनी मधोमध दाबली आणि चाक थांबलं. "लाजलं वाटते," ती म्हणाली. दुसरं अकोल्याच्या एमआयडीसीत. पिठाच्या गिरण्या बनवणाऱ्या एका गृहस्थानं हौसेनं केलेलं. त्याला जोर म्हणाल तर बैलाचा, पण हळू चालणं माहीत नाही. पेडलला पाय लागला आणि ताईची माती उडून थेट मालकाच्या शर्टावर. मालक भला माणूस. त्यानं शर्ट पुसत आम्हाला चहा पाजला. परतताना ऑटोत ताई इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. खूप दिवसांनी तिला तशी पाहत होतो.

तिसरं चाक शाळांना सामान पुरवणाऱ्या अकोल्यातल्याच एका दुकानात. चकचकीत फरशी, काचेचं दार. दुकानदार म्हणाला, माती इथं चालणार नाही, कोरडंच बघून घ्या. ताईनं डबा पुन्हा पिशवीत ठेवला. पुढं मी पुढाकार घेतला. पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक बेअरिंगजवळ टेकवलं, मूठ कानाला लावली आणि आवाज ऐकला. गुळगुळीत. पेडलवर पाय ठेवून अगदी मुंगीच्या चालीनं चाक फिरवलं, वरून तळव्यानं दाब दिला. चाल मंदावली नाही. मला आपली मोटरच सापडल्यासारखा आनंद झाला. मग ताईनं फिरत्या चाकावर हात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ तशीच उभी होती. डोळे उघडून म्हणाली, "विनू, पण हे..." आणि मी तिला पुढं बोलू दिलं नाही. "ताई, पण-बिन काही नाई. अशी मोटर पुन्हा भेटत नाई. घेऊन टाक." तिनं माझ्याकडं पाहिलं, वही मिटली आणि दुकानदाराला हो म्हणाली. तिच्या त्या वाक्यात काय राहिलं होतं, हे मला आठ दिवसांनी कळलं.

चाक घरी पोचलं, जोडलं गेलं आणि तिचा फोन आला. "अरे, हे उलटं फिरते." आपल्याकडचे कुंभार काठीनं चाक फिरवतात ते घड्याळाच्या काट्यासारखं. हे यंत्र त्याच्या उलट फिरणारं. बटण दाबून दिशा बदलता येईल अशी चाकं असतात, ह्याला ती सोय नव्हती. आणि मी, मोटरीतलं सगळं कळणारा, मोटर कुठल्या बाजूला फिरते एवढंच पाहायचं विसरलो होतो. तिच्या हाताला दुकानातच कळलं होतं. मी फोनवर हसलो. "हात्तिच्या! दोन तारांचं काम आहे. खालचं झाकण काढायचं, दोन तारा इकडच्या तिकडं करायच्या. पाच मिनिटं. येतो रविवारी." आणि वर शहाणपणा सांगितला, "गल्लीतल्या कोण्या इलेक्ट्रिशियनले हात लावू देजो नको. ग्यारंटी जाईन. मीच करतो."

फेब्रुवारी संपत आला होता. मार्चपासून आमच्याकडं कूलरचा सीझन. घराघरातली मोटर जळते आणि ज्याची जळते त्याला ती आजच पाहिजे असते. अमरावती दोन तासांवर. जायचं-यायचं धरून अख्खा रविवार जातो, आणि रविवारीच गिऱ्हाईक दारात उभं असायचं. ही सगळी कारणं खरी आहेत. तरीही मी गेलो नाही, हेही खरंच आहे. पहिले दोन-तीन रविवार तिनं सकाळी फोन केला. "निंगाला काय?" मी म्हणायचो, पुढच्या. मग तिनं विचारणं सोडून दिलं. मे महिन्यात मीच एकदा फोन केला आणि म्हटलं, "चाकाचं कसं व?" ती म्हणाली, "चालून राहिलं बाप्पा. तू आपले कूलर पाह्य." मला हायसं वाटलं. कसं चालून राहिलं, हे काही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

तेरवीच्या जागी आमच्यात असतो तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून पांगली, आणि मी पल्लवीला म्हटलं, "चाक कुठी आहे?" पेचकस माझ्या खिशात होता. आता कोणासाठी, हे मला सांगता आलं नसतं. पण घेऊन गेलो होतो. मागच्या खोलीत चाक भिंतीला लावून ठेवलेलं, वर स्वच्छ फडकं. शेजारी स्टूल, खिडकीत पाण्याचं भांडं, तिची वही. पल्लवी दारातच थांबली. म्हणाली, "रविवारी सकाळी आई हे भिंतीपासून ओढून ठेवे, मामा. म्हणे, विनूले खाली हात घालाले जागा पायजे. सांजच्याला पुन्हा लावे भिंतीशी. मी म्हटलं, मामा आल्यावर ओढू ना, तुये गुडघे... तं म्हणे, थो उभ्या उभ्या येते, त्याले वेळ नसते."

मी खाली पाहिलं. फरशीवर चाकाच्या पायांचे ओरखडे होते, भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत, तीन-चार हात लांब. एकावर एक. एका रविवारात असे ओरखडे पडत नाहीत. मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी फळीकडं वळलो.

फळीवर तिची भांडी होती. खालच्या फळीवर जुनी, बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या चाकावरची, भाजलेली. वरच्या फळीवर कच्ची, भाजायची राहिलेली. मी एक जुनी वाटी घेऊन उजेडात आत पाहिलं. चाकावर भांडं वर ओढताना बोटांची रेघ आत गोल गोल चढत जाते. मोटरीची कॉइल उजवीकडून भरली की डावीकडून, हे पाहण्यात माझा जन्म गेला, त्यामुळं ती रेघ मला लगेच वाचता आली. खालच्या फळीवरच्या सगळ्या वाट्यांत रेघ एकाच बाजूनं चढत होती. मग वरच्या फळीवरचं एक उचललं. ती वाटी नव्हतीच, एका अंगाला कलंडलेला मातीचा गोळा होता. त्याच्या शेजारी तसेच अजून. टाकून न देता तिनं ओळीनं मांडून ठेवले होते. त्यापुढं जाड बुडाची, वाकड्या काठाची दोन भांडी. मग एक बरी वाटी. आणि अगदी टोकाला एक लहानसं गाडगं, पातळ, नीट, किसनबुवांनी मान डोलावली असती असं. त्याच्यात मी बोट फिरवलं. रेघ उलट्या बाजूनं चढत होती.

चौसष्टाव्या वर्षी ती पुन्हा पहिल्यापासून शिकली होती. आतला हात बाहेर, बाहेरचा हात आत. लहानपणी बुवांनी तिच्या हातात जे ठेवलं, ते विसरण्याची तिला एवढी भीती होती, आणि माझ्या पाच मिनिटांसाठी तिनं ते आपणहून बाजूला ठेवलं. मला एका शब्दानं बोलली नाही. उलट, कूलर पाह्य म्हणाली. मी त्या स्टुलावर बसून रडलो. पल्लवीनं पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही. तीही आपल्या आईचीच मुलगी.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मामा, आता तारा बदलून देता काय? मले बसून पाहाचं आहे त्याच्यावर." मी पेचकस काढला. खाली वाकलो. झाकणाचे चारही स्क्रू सैल करून, हातानं फिरतील एवढेच बसवलेले होते. माझा तेवढाही वेळ जाऊ नये म्हणून. मी ते एकेक करून घट्ट आवळले. "नको," मी म्हटलं, "आता हेच तुया आईचं चाक. जसं फिरते तसं फिरू दे."

मग दोन्ही हातांनी धरून ते ओढलं. जड होतं, माझ्यासारख्याला दम लागला. त्याचे पाय फरशीवरच्या ओरखड्यांवरून सरकत खोलीच्या मध्यात आले आणि जिथं ओरखडे संपत होते, तिथं मी थांबलो. खाली हात घालायला भरपूर जागा होती. तो रविवारच होता. निघताना मी चाक पुन्हा भिंतीशी लावलं नाही.